गोव्याची १४,५८,५४५ ही संख्या कागद-पेन घेऊन कशी उकलायची

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या भरली १४,५८,५४५. मागच्या चवथीला दुपारच्या आरत्या उरकून आम्ही फोंड्याच्या घरी सोप्यावर बसलो होतो. पाऊस लागून राहिला होता, वीज गेलेली, आणि सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगविना पडलेले. अकरावीतली भाची सामान्यज्ञानाच्या वहीत हा आकडा बघत होती. तिने विचारलं, "मामा, एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव नुसत्या हाताने निघतात?" मी म्हटलं, "निघतात. कागद आण."

आम्ही जे केलं तेच इथे पायरीपायरीने लिहितो. सहा-सात अंकी कुठल्याही संख्येला ही रीत लागू पडते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच गाठीला बांधा: भाग गेला नाही म्हणून ती ओळ खोडू नका. जी बाकी उरली ती लिहून ठेवा. मोठ्या संख्येच्या कामात खरी मदत या बाक्याच करतात, आणि शाळेत आपण नेमक्या त्याच पुसून टाकतो.

पायरी १: आधी संख्येचा आवाका बघा

भागायला सुरुवात करण्याआधी वर्गमूळ काढा, अंदाजे चालेल. १२०० चा वर्ग १४,४०,०००. आपल्या संख्येला अजून १८,५४५ हवेत. १२०० च्या दुपटीने, म्हणजे २,४०० ने, त्यांना भागलं की साडेसातच्या थोडं वर येतं. म्हणजे वर्गमूळ १२०७ आणि १२०८ च्या मधे. पडताळून बघा: १२०७ चा वर्ग १४,५६,८४९ आणि १२०८ चा १४,५९,२६४. आपली संख्या बरोबर दोहोंच्या मधे बसते.

हे कशासाठी? संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल तर त्यातला एक तरी वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असणारच. दोन्ही वर्गमूळाहून मोठे असते तर गुणाकार संख्येच्या वर गेला असता. म्हणजे १२०७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. तरीही त्या दोनशेच्या आसपास आहेत, आणि पावसाळी दुपारीसुद्धा दोनशे भागाकार करायची कुणाची इच्छा नसते. पुढच्या पायऱ्या हे काम कमी करण्यासाठीच आहेत.

जाता जाता: साडेचौदा लाखांच्या आसपास सरासरीने दर चौदा संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते. म्हणून एवढी मोठी संख्या मूळ निघाली तरी नवल वाटायला नको. मूळ संख्यांची ही विखुरण फार ओढ लावणारी आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) आपल्याला इतिहासकार म्हणून जास्त माहीत आहेत. पण ते मूळचे गणितज्ञ, आणि अखेरच्या वर्षांत ते मूळ संख्यांवरच काम करत होते.

पायरी २: शेवटचे अंक आणि अंकांची बेरीज

ही पायरी मिनिटभरात उरकते. शेवटचा अंक ५, म्हणून ५ ने भाग जातो आणि २ ने जात नाही. शेवटचे दोन अंक ४५, म्हणून २५ ने जात नाही. याचा अर्थ अवयवांत ५ एकदाच आहे. अंकांची बेरीज १+४+५+८+५+४+५ = ३२, म्हणून ३ ने भाग जात नाही.

आता वहीत बाक्या लिहा. ९ ने भागल्यास बाकी ५, कारण ३२ चे ३+२ = ५. ४ ने भागल्यास बाकी १, कारण ४५ = ४४ + १. ही दोन्ही पुढे कामाला येणार आहेत.

पायरी ३: ७, ११ आणि १३ एकाच फटक्यात

माझी सगळ्यात आवडती कसोटी ही. ७ × ११ × १३ = १००१. हजार हा १००१ पेक्षा फक्त एकाने कमी आहे, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने वजा-अधिक केले की उरलेल्या छोट्या संख्येची ७, ११, १३ शी असलेली बाकी सुरुवातीच्या संख्येइतकीच राहते.

इथे एक सूचना. आपले स्वल्पविराम लाख-हजाराचे असतात: १४,५८,५४५. ही कसोटी करताना ते बाजूला ठेवा आणि गट नव्याने पाडा:

१ | ४५८ | ५४५

५४५ − ४५८ + १ = ८८

सात अंकी संख्येचं काम ८८ वर आलं. ८८ म्हणजे ११ × ८, म्हणून ११ ने भाग जातो. ७ ने भागल्यास बाकी ४ आणि १३ ने भागल्यास बाकी १०, म्हणून ७ आणि १३ कायमचे बाद. भाचीने इथे पेन खाली ठेवलं आणि पुन्हा स्वतः वजाबाकी करून बघितली. तिला शाळेत ११ ची कसोटी शिकवली होती, पण ७ साठी अशी काही सोय असते हे ठाऊक नव्हतं.

या टप्प्यावर आम्ही थोडं वळण घेतलं, आणि तुम्हीही घ्यावं असं वाटतं. त्याच जनगणनेत उत्तर गोव्याची लोकसंख्या ८,१८,००८ आणि दक्षिण गोव्याची ६,४०,५३७. दोघांची बेरीज आपली संख्या. आता दोन्हींना तीच कसोटी लावा. उत्तर: ८ − ८१८ = −८१०. दक्षिण: ५३७ − ६४० = −१०३. ऋण आलं म्हणून घाबरू नका, ११ च्या पटी मिळवत वर आणा. −८१० मध्ये ८१४ मिळवले की ४ उरतात, −१०३ मध्ये ११० मिळवले की ७. म्हणजे उत्तर गोव्याला ११ ने भाग जात नाही, बाकी ४. दक्षिण गोव्यालाही जात नाही, बाकी ७. पण ४ + ७ = ११, म्हणून सबंध गोव्याला जातो!

पुरुष ७,३९,१४० आणि स्त्रिया ७,१९,४०५ अशी विभागणी घेतली तर बाक्या ६ आणि ५ येतात. पुन्हा बेरीज ११. संख्या कशीही वाटून घ्या, बाक्यांचा हिशेब जुळतोच. बाकी लिहून ठेवा असं मी का म्हणतो, ते भाचीला या उदाहरणाने पटलं.

पायरी ४: सापडलेले अवयव काढून टाका, मर्यादा नव्याने ठरवा

५ आणि ११ सापडले, म्हणजे ५५ ने भागा:

१४,५८,५४५ ÷ ५५ = २६,५१९

आता वर्गमूळ पुन्हा काढा. १६३ चा वर्ग २६,५६९, म्हणजे मर्यादा १६२ वर आली. कुठे १२०७ आणि कुठे १६२! बरेच जण ही मर्यादा नव्याने काढायला विसरतात आणि जुन्याच मर्यादेपर्यंत भागत बसतात.

शिवाय २, ३, ७ आणि १३ पुन्हा तपासायचे नाहीत. मोठ्या संख्येला ज्याने भाग गेला नाही, त्याने तिच्या अवयवालाही जाणार नाही. ११ मात्र पुन्हा बघावा लागतो, कारण तो दोनदा असू शकतो. उजवीकडून ९ − १ + ५ − ६ + २ = ९. जात नाही. शेवटचा अंक ९ आहे, म्हणून ५ ही नाही.

आता भागाकार करण्याऐवजी शेजारी बघा. २६,५१९ च्या शेजारी २६,५२० आहे, आणि २६,५२० = १०२० × २६. त्यात २, ३, ५, १३ आणि १७ हे सगळे अवयव आहेत. एकाहून मोठ्या कुठल्याही संख्येने सलग दोन संख्यांना भाग जात नाही. म्हणून १७ चा भागाकार न करताच १७ बाद झाला.

१९ साठी २६,६०० घ्या, म्हणजे १९ × १४००. आपली संख्या त्याहून ८१ ने कमी, आणि ८१ ला १९ ने भाग जात नाही. बाद.

२३ साठी २३,००० काढले, उरले ३,५१९. त्यातून ३,४५० म्हणजे २३ × १५० काढले, उरले ६९. ६९ म्हणजे २३ × ३. भाग गेला:

२६,५१९ = २३ × १,१५३

आता १,१५३. ३४ चा वर्ग ११५६, म्हणून मर्यादा ३३. १९ पर्यंतचे सगळे आधीच बाद झालेत, राहिले फक्त २३, २९ आणि ३१. २३ × ५० = ११५०, तीन उरतात. २९ × ४० = ११६०, सात कमी पडतात. ३१ × ३७ = ११४७, सहा उरतात. १,१५३ मूळ संख्या आहे.

१४,५८,५४५ = ५ × ११ × २३ × १,१५३

दोनशे भागाकार करायचे होते, आणि आपण खरे भागाकार केले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पायरी ५: पडताळा, आणि तोही दोन प्रकारे

भाचीने अवयवांचा उलट गुणाकार केला आणि उत्तर उतरवताना लिहिलं १४,८५,५४५. नवाची कसोटी लावली. अवयवांच्या बाक्या ५, २, ५, १, गुणाकार ५०, म्हणजे ५. उत्तराच्या अंकांची बेरीज ३२, म्हणजे ५. जुळलं. तिने खाली रेघ मारली.

मी म्हटलं, अकराची पण लाव. उजवीकडून ५ − ४ + ५ − ५ + ८ − ४ + १ = ६. अवयवांत ११ असताना बाकी ६ कशी? मग तिच्या लक्षात आलं, ५८ चे ८५ झाले होते.

नवाच्या कसोटीला ही चूक कधीच दिसत नाही. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. इथे फरक २७,००० चा पडला, आणि त्याला ९ ने भाग जातो. अकराच्या कसोटीत शेजारच्या अंकांची चिन्हं वेगळी असतात, म्हणून शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल ती पकडतेच. हाताने आकडे उतरवताना ही चूक सहज होते. बँकेची स्लिप असो की कुळागराचा हिशेब, दोन्ही कसोट्या लावायची सवय ठेवा.

पायरी ६: दुसरी वाट, वर्गांच्या फरकाची

ही वाट खरं तर आधीच घेता आली असती. मुद्दाम मागे ठेवली, कारण आपल्या संख्येवर ती इतकी सुंदर चालते की आधी सांगितली तर बाकीचं कुणी वाचणार नाही.

कल्पना सोपी: संख्या दोन वर्गांचा फरक म्हणून लिहिता आली की अवयव हातात येतात, कारण क² − ख² = (क + ख)(क − ख). चौदाव्या शतकातल्या नारायण पंडितांनी १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त ही रीत दिली आहे. युरोपात ती फ्रेंच गणितज्ञ फर्माच्या नावाने ओळखली जाते. त्याने १६४३ च्या सुमारास २,०२,७६,५१,२८१ ही संख्या याच रीतीने ४४,०२१ × ४६,०६१ अशी फोडली.

कृती अशी. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा, उरलेला आकडा पूर्णवर्ग आहे का बघा. नसेल तर एकाने पुढे जा.

१२०८: १४,५९,२६४ − १४,५८,५४५ = ७१९. पूर्णवर्ग नाही, कारण २६ चा वर्ग ६७६ आणि २७ चा ७२९.

१२०९ साठी पुन्हा वर्ग करू नका. १२०८ आणि १२०९ च्या वर्गांतला फरक म्हणजे दोघांची बेरीज, २,४१७. मागच्या उत्तरात तेवढे मिळवा: ७१९ + २,४१७ = ३,१३६. आणि ३,१३६ हा ५६ चा वर्ग!

१४,५८,५४५ = १२०९² − ५६² = १,२६५ × १,१५३

दुसऱ्याच पावलाला संख्या फुटली. १,२६५ चे पुढे ५ × ११ × २३ होतात, ते तोंडी निघतात. पाऊस तोवर ओसरला होता, पण आम्ही दोघं उठलो नाही.

याचं कारण असं की १,१५३ आणि १,२६५ एकमेकांच्या आणि वर्गमूळाच्या फार जवळ आहेत. गोव्याची सगळी माणसं एका मैदानात ओळीने उभी केली तर १,१५३ ओळी, प्रत्येक ओळीत १,२६५ माणसं, आणि एकही माणूस जास्तीचा उरत नाही. प्रत्येकाला एक मीटर जागा दिली तर मैदान जेमतेम सव्वा किलोमीटर लांब आणि त्याहून थोडं कमी रुंद, जवळजवळ चौरस.

हीच गोष्ट मोबाइलवरच्या व्यवहारांपर्यंत जाते. १९७७ मध्ये पुढे आलेली आरएसए ही माहिती गुप्त ठेवण्याची सांकेतिक पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या फोडायला २०२० साल उजाडलं, तेही असंख्य संगणक एकत्र लावून. पण ते दोन अवयव एकमेकांच्या फार जवळ निवडले गेले, तर नारायण पंडितांचीच रीत ती संख्या फोडेल. म्हणून ते दूर ठेवण्याची काळजी घ्यावी लागते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. अवयव जवळ नसतील तर ही रीत अंत बघते. दहा पावलांत जमलं नाही तर सोडून द्या आणि पायरी ४ कडे परत या.

पायरी ७: अवयवांवरून बाकीचे गुणधर्म

अवयव मिळाले की पुढचं सगळं गुणाकाराने निघतं. चारही मूळ अवयव एकेकदाच आले आहेत, म्हणून विभाजक २ × २ × २ × २ = १६. विभाजकांची बेरीज ६ × १२ × २४ × १,१५४, आणि त्यातले पहिले तीन गुणले की १,७२८, म्हणजे १२ चा घन. एकूण १९,९४,११२. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ५,३५,५६७ उरतात, संख्येपेक्षा बरेच कमी. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येएवढीच येते, म्हणजे आपली संख्या त्याच्या जवळपासही नाही.

तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या, लहान संख्या ४ × १० × २२ × १,१५२ = १०,१३,७६०. ही गणितज्ञ ऑयलरची रीत: मूळ अवयव असे एकेकदाच आले असले की प्रत्येकातून एक वजा करून गुणायचं.

जरा थांबावं असा प्रश्न पुढचा आहे. ही संख्या दोन वर्गांची बेरीज होते का? ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून वरवर बघता होईल असं वाटतं. पण नियम असा की ४ ने भागल्यास बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. ११ आणि २३ दोघेही बाकी ३ देणारे, आणि दोघे एकेकदाच आलेत. म्हणून होत नाही. दोन ३ गुणले की ९, बाकी १. म्हणजे बाहेरून संख्या निर्दोष दिसते आणि अडचण आत दडून राहते. ११ आणि २३ काढून टाका, उरतात ५ × १,१५३ = ५,७६५, आणि ही संख्या मात्र दोन प्रकारे जमते: ५८² + ४९² आणि ७४² + १७².

पायरी ८: कापरेकरांचा प्रश्न

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचं (१९०५–१९८६) नाव ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा दुसरा विचार मला अधिक आवडतो. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जिला असा कुणी जनक नाही, ती स्वयंभू.

आपली संख्या स्वयंभू आहे का? मागच्या सगळ्या संख्या तपासायची गरज नाही. ९ ची बाकी वहीत आहे: ५. जनकाची बाकी आणि त्याच्या अंकांच्या बेरजेची बाकी सारखीच असते, म्हणून तिची दुप्पट ५ ला जुळायला हवी. ७ ची दुप्पट १४, बाकी ५. म्हणजे जनकाच्या अंकांची बेरीज ७, १६, २५, ३४ यांसारखीच असणार. एकेक वजा करून बघा. ७ वजा केल्यास १४,५८,५३८, बेरीज ३४, जमत नाही. १६ वजा केल्यास १४,५८,५२९, पुन्हा ३४. २५ वजा केल्यास १४,५८,५२०, आणि बेरीज २५. जमलं. पुढे ३४, ४३, ५२, ६१ बघितले तर एकही जमत नाही. म्हणजे ही संख्या स्वयंभू नाही, आणि तिचा जनक एकच आहे.

सरावासाठी

२००१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती १३,४७,६६८. ही तुमच्याकडे देतो. शेवटचे दोन अंक ६८, म्हणून ४ ने भाग जातो, उरतात ३,३६,९१७. गट पाडा: ९१७ − ३३६ = ५८१, म्हणजे ७ × ८३. ७ ने भाग गेला, उरले ४८,१३१. नवी मर्यादा २१९.

आकडा लहान दिसला तरी इथे वर्गांच्या फरकाची रीत लावू नका, कारण ४८,१३१ मूळ आहे आणि ते कागदावर सिद्ध करायला तपासायच्या मूळ संख्या ४७ आहेत. शेजाऱ्यांची मदत घ्या. ४८,१२७ = १७ × १९ × १४९, आणि फरक फक्त ४ चा, म्हणून ते तिघे एकदम बाद. ४८,१०० मध्ये १३ आणि ३७ आहेत. ४८,१११ मध्ये २९ आणि ७९. आणि ४७ या मूळ संख्येवर आलात की तिला १०२४ ने गुणून बघा, फक्त ३ उरतील.